तळ्याकाठची सात घरं

बेळगावाहून माझ्या माहेरी उतरायला दोन रस्ते. एक कणकुंबीकडून, जंगलातून. पण खाली पोर्तुगीजांची हद्द, नाका आणि झडती. तो मी वहीत लिहिला आणि लगेच खोडला. दुसरा हिंडलगा, शिनोळी करत आंबोलीला आणि घाट उतरून कोकणात. साठेक मैल. माझं माहेर समुद्रापासून दोन कोसांवर, एका तळ्याच्या काठी.

वही नवऱ्यासाठी होती. तो कचेरीत कारकून. दर दिवाळीच्या सुट्टीत तो आणि त्याचे तीन मित्र सायकलीवरून लांब कुठंतरी जात. निपाणी झाली होती, गोकाक झालं होतं. त्या वर्षी त्यांना समुद्र पाहायचा होता, आणि मुक्कामाला सासुरवाड आयतीच होती. रस्ता सांगायला बायको होती.

मला रस्ता ठाऊक होता तो बैलगाडीचा. पहिल्यांदा मी तसाच लिहिला: गाड्या कुठं सुटतात, बैलांना पाणी कुठं, कुठल्या चढावर माणसं उतरवतात. मग माझ्या ध्यानात आलं की बैलाचा हिशेब सायकलीला लागू होत नाही. बैल वाळूतून निवांत जातो, सायकल तिथं आडवी होते. हे मला कळलं कारण तोवर मी स्वतः सायकल चालवत होते.

नवऱ्यानंच शिकवलं होतं. सुधारक म्हणवून घ्यायची त्याला हौस होती, आणि बायको सायकल चालवते हे कचेरीत सांगायला बरं वाटे. कॅम्पातल्या कुणाची तरी जुनी, दांडीची सायकल त्यानं आणली. नऊवारीचा काष्टा असल्यावर दांडीचं काही अडत नाही. सकाळी लवकर उठून मी बेळगुंदीच्या रस्त्याला जायची, चढ-उतार पायांनी मोजायची आणि घरी येऊन वही दुरुस्त करायची. घाटाच्या पानावर मी लिहिलं, की ब्रेकवर भिस्त ठेवू नका. गाडीवान मागं ओंडका बांधतात तशी सायकलीच्या मागं एक पानांची फांदी बांधा, ती ओढत उतरा. तळ्याच्या पानाला मला सगळ्यांत वेळ लागला. बांधावरची वाट जवळची, पण तिथं पोफळीच्या बागांना पाणी नेणारे पाट आडवे येतात. सडक लांबची, जांभ्या दगडाची, पण सरळ. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो, म्हणून फेरी सकाळीच, आणि देवळाकडून सुरू करायची म्हणजे परतताना वारा पाठीवर येतो.

नवरा म्हणाला होता, वही तुझी, तर तूही चल. मी आईला पत्र टाकलं की आम्ही पाच जण सायकलींनी येतोय. आईला वाचता येत नसे. गावातले मास्तर आमच्या ओटीवर बसून पत्र वाचत आणि शेजारच्या बायका ऐकायला येत. म्हणजे मी येणार हे सगळ्या तळ्याला ठाऊक झालं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मित्रांपैकी वकील होता त्याचा मागचा टायर किल्ल्यापाशी फुटला. पुढचाही झिजलेला होता. लढाईचे दिवस, टायर परमिटाशिवाय मिळत नव्हते. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी दशम्या करत होते. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, तुमी काय, माहेराला कवाबी जाताय."

नवरा आत आला आणि म्हणाला, "तुझे टायर तूच काढ गं. माझ्यानं ट्यूब फाटंल."

आणि मी काढले. घरात पंक्चर काढणारी मीच होते. जेवणाच्या दोन चमच्यांचे दांडे रिमेत घालून टायर सोडवायची मला सवय होती. दोन्ही टायर मी स्वतःच्या हातानं काढले, वकिलाच्या चाकांवर चढवले, हवा भरून दाबून पाहिली. नाही म्हणता आलं असतं. काम समोर आलं की ते नीट करायचं एवढंच मला कळत होतं, आणि या गुणाचा मला इतका राग पुन्हा कधी आला नाही.

पाच दिवसांनी चौघे परत आले. फांदी बांधून घाट उतरल्याच्या गोष्टी झाल्या. आईनं पाच पाटांवर पानं वाढली होती, हे वकिलानं हसत सांगितलं. नवऱ्यानं एक गाठोडं माझ्या पुढ्यात ठेवलं. आत तांदूळ, आमसुलं, आणि जुन्या लुगड्याची शिवलेली दोन दुपटी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी काय बोललो न्हाय. हल्ली तिला प्रवास झेपत न्हाय, एवढंच म्हणालो. वकील हसला. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं."

"टायरचं का नाही सांगितलंस?"

"बायकोच्या सायकलीचं टायर काढून आलोय म्हणून सांगू? सासूला?"

पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता. ते ओटीवर सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं. दोन आठवड्यांनी मी सर्व्हिसच्या मोटारीनं निघाले. कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटार. चढ आला की बाया-माणसांनी उतरून चालायचं. दिवसभर मी एकच ठरवत होते, की आईला आधी खरं सांगायचं, मग पाणी प्यायचं.

तसंच केलं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. टायर, वकील, त्याचं हसू. तिनं देवीला नवस बोलून ठेवला होता आणि मला दिवस गेल्याचं तळ्याकाठच्या साती घरांत सांगून आली होती. मला वाटलं ती जावयाला शिव्या देईल. ती माझ्यावर चिडली.

"जावयाक खोटो पाडू नको," ती म्हणाली. "माका ह्या गावात रवाचा आसा."

तिला त्याच गावात राहायचं होतं, आणि तिचं म्हणणं सरळ होतं. जावई लबाड निघाला तर ती मूर्ख ठरत होती. पोटात होतं, पण राहिलं नाही, असं मी सांगितलं तर कुणीच खोटं ठरत नव्हतं. माझं काय जात होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही घरोघर निघालो. देवळाकडून सुरू केलं. सडकेनं चालत, एकेका घरी पाट मांडले जात, गूळपाणी येई, आई डोळ्यांना पदर लावी आणि मी खाली बघून म्हणे, नाही राहिलं. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत. मला रडू येत नव्हतं, आणि तेही त्यांना खरंच वाटलं. सहा घरं अशी झाली. प्रत्येक घरी ते बोलणं जास्त सोपं होत गेलं, हे सांगून टाकलेलं बरं.

सातव्या घरी एक म्हातारी होती. लहानपणी तिनंच मला पोहायला शिकवलं होतं. तिनं पाठीवर हात फिरवला नाही.

"सायकलीर बसतंस मां तू?" ती म्हणाली. "मगे पोटात काय ऱ्हवतला?"

दिवाळीत त्या चौघांनी ओटीवर बसून माझ्या सायकलीच्या गमती सांगितल्या होत्या. आईनं माझ्याआधीच उत्तर दिलं, की आता नाही बसायची, झालं ते झालं. आणि माझ्याकडं पाहिलं. तिथं फक्त मान हलवायची होती.

"बसणार," मी म्हणाले. "टायर मिळाले की बसणार."

म्हातारीनं पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. आई घरापर्यंत माझ्या पुढं चालली. संध्याकाळपर्यंत साती घरांत पोचलं, की हिनं आपल्या हातानं घालवलं आणि हिला त्याचं काही नाही. ते खोटं मीच सकाळी त्यांच्या दारात नेऊन ठेवलं होतं, त्यामुळं तक्रार करायला जागा नव्हती.

बेळगावला परत आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाल्या आई? मी म्हणाले, तुझा शब्द राहिला. त्याला बरं वाटलं. वकिलानं टायर परत केले तेव्हा जांभ्यानं त्यांच्या चिरफळ्या झाल्या होत्या. नवे मिळायला दीड वर्ष लागलं. ते मी चढवले आणि बेळगुंदीच्या रस्त्याला पुन्हा जायला लागले.

आई पुढं चार वर्षं जगली. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा मोटारीनं. ती माझ्याशी भाताबद्दल, गुरांबद्दल, पावसाबद्दल बोले. ओटीवर पत्र वाचायला मास्तर येत, बायका मात्र येत नसत. माझी ओटी भरायला त्या साती घरांतून कुणी आलं नाही, आणि आई गेल्यावर तिच्या दिवसांना बायका आल्या तेव्हा माझ्यापासून लांब बसल्या.