साबण लावायचा राहिला

पत्र मिळालं तेव्हा हरेश्वर वारून चार दिवस झाले होते. दांडीहून त्याच्या भावानं लिहिलं होतं, कावीळ झाली, कळवायला वेळच मिळाला नाही... मी पत्र खिशात ठेवलं आणि कामाला लागलो. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, दाढी करताना.

साठ सालच्या सुमारास पालघरला एका औषध कंपनीच्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे होतो. पोलादी भांड्यात औषधाचा कच्चा माल आणि चिमूटभर कोबाल्ट घालायचं, दाबाखाली कार्बन मोनॉक्साइड भरायचा आणि तापवायचं. वायूतला कार्बन त्या मालाच्या रेणूच्या दोन टोकांमध्ये बसला की अणूंचं कडं पुरं होई. कोबाल्ट लग्न जुळवून बाजूला होणाऱ्या मध्यस्थासारखं. वायू मात्र विषारी, आणि त्याला वास नाही. म्हणून हरेश्वर दाढीच्या ब्रशानं नळ्यांच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावी. बुडबुडा आला की गळती. म्हणायचा, "कोळ्याचा पोर मी, वासावरून मासळी कालची का परवाची सांगीन. पन हितं नाकाचं काय चालत नाय."

एका सकाळी जोड तपासायची पाळी माझी होती, आणि दुपारी मासवणला मुलगी बघायला जायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! फेस लावायचं मी टाळलं. डोकं ठणकू लागलं, पाय लुळे पडले... शुद्धीवर आलो तो अंगणात. हरेश्वरनं मला ओढून काढलं होतं आणि परत आत जाऊन, आच बंद करून, सगळा वायू बाहेर सोडला होता. तीन महिन्यांची मेहनत वाया गेली. साहेबांनी विचारलं, जोड कोणी तपासले? हरेश्वर म्हणाला, "मी. साबण लावायचा राहिला." मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काय. त्याची नोकरी गेली, तो बोईसरच्या शाळेत शास्त्र शिकवू लागला. माझं लग्न झालं.

पुढे महिन्यातून एकदा मी दांडीला त्याच्या घरी जाई. आज त्याच्या बायकोसमोर, वहिनींसमोर, खरं सांगायचंच, असं ठरवून जाई आणि बोंबलाचं कालवण ओरपून परत येई. त्यानं कधी विषय काढला नाही.

गेल्या रविवारी गेलो. वहिनी दोरीवरचे वाळलेले बोंबील काढत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"माईत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी बोलले होते मला. तुमी आलात का म्हनायचे, आज सांगंल बघ. गेलात का म्हनायचे, ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेला सांगंल... शेवटी शेवटी तर दाराकडं बघून इचारायचे, आला का तो?"

त्या महिन्यात मी बढतीच्या गडबडीत गेलोच नव्हतो.