धनंजयचा फोन काऊन येते

आर्वीच्या धनंजयची ख्याती अशी, की पुलगावात नाहीतर जामला कोणी खुर्चीवरून उठून चहाला गेलं तरी याचा फोन हजर. "कुठं आहा जी?" जामच्या काट्यावरची समीक्षा वैतागून म्हणते, "सासू परवडली, पण हा नाई परवडत." गल्लीतल्या बायांनी तर निकालच लावलाय: लग्न जमलं नाही म्हणून पोट्टा दुसऱ्यांच्या चौकश्या करून राह्यला. हसायचं तर हसून घ्या. पण दोन वर्षांमागे तो कोणालाच फोन करत नसे.

कापसाच्या एका जिनिंगवाल्याचा सर्व्हर नागपूरला, वजनकाटे पुलगावला अन् जामला, आणि सर्व्हरची राखण धनंजय करतो आर्वीत, घरच्या माडीवर बसून. त्याच्या स्क्रीनवर यादी दिसते: कोण आत आहे, कोणाचे कोणते प्रोग्राम चालू आहेत, शेवटचं बटण दाबून किती मिनिटं झाली. माणूस तेवढा दिसत नाही. तरी यादी वाचून वाचून त्याला माणसं पाठ झाली होती. काट्याचा प्रोग्राम, कॅल्क्युलेटर आणि पत्त्यांचा डाव, तिन्ही एकदम चालू दिसले की समजायचं, पुलगावचे प्रभाकरराव येऊन बसले.

प्रभाकरराव अठ्ठावन्नचे, काट्यावरचे जुने बाबू. दोघांची कधी भेट नाही. धनंजय इथून त्यांच्या स्क्रीनवर एखादा निरोप टाकायचा, "काकाजी, राणी अडली का?" की लगेच फोन खणखणायचा.

"अबे, तू काय माह्या डोक्यावर बसून राह्यला का? काम कर लेका!"

असं रोज एकदा तरी. "पुलगावले येजो," ते म्हणत. "तुही काकू पाटोडीचा रस्सा असा करते का बोटं चाटत राहशीन." "येतो, येतो," हा म्हणे. एसटीनं तासाभराची वाट, पण ती काही झाली नाही.

मे महिन्यातली दुपार. कापसाचा हंगाम सरलेला, काट्यावर एक गाडी नाही. यादीत प्रभाकररावांचे तिन्ही प्रोग्राम चालू, पण बटण दाबून चाळीस मिनिटं झालेली. धनंजयला गंमत सुचली. त्यानं निरोप टाकला: "काकाजी, घोरणं आर्वीपर्यंत ऐकू येऊन राह्यलं. उठा आता!"

फोनची वाट पाहिली. आला नाही. म्हातारा रुसला वाटते, म्हणून तोही कूलरसमोर आडवा झाला. यादीत तर सगळं चालूच होतं.

साडेपाचला फोन आला तो जंगलूचा, काट्यावरच्या चौकीदाराचा. "साहेब, प्रभाकरराव गेले जी. खुर्चीतच. डॉक्टर पाहून गेले. कम्प्युटर कसा बंद करू? त्यावर काही लिहून आहे..." आणि जंगलू अक्षर अक्षर लावत वाचू लागला. "का...का...जी, घो...र..."

"वाचू नको," धनंजय म्हणाला. "ओके दाब."

महिन्याभरानं तो पुलगावला गेला. काकूंनी, रुख्माबाईंनी, नाव ऐकताच ओळखलं. "तूच का तो? रोज येऊन सांगत, आज आर्वीचा पोट्टा काय बोलला ते." त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं, तो निरोप, मग आपलं आडवं होणं. बाई पदराचं टोक चोळत बसल्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"फोन काऊन नाई केला रे बाप्पा?" एवढंच म्हणाल्या. मग उठून त्यांनी पाटोडीचा रस्सा वाढला.

दुसऱ्या दिवशी त्यानं यादी उघडली. प्रभाकररावांचं नाव अजून तिथंच होतं, तिन्ही प्रोग्राम चालू; पुलगावचा कम्प्युटर बंद झाला तरी नागपूरच्या सर्व्हरवर ते चालूच राहत. ते काढून टाक म्हणून मालकानं दोनदा बजावलं होतं. त्यानं काटा बंद केला. कॅल्क्युलेटर बंद केला. पत्त्यांच्या डावावर बोट अडलं; डाव कुठवर आला होता, हे इथून दिसत नव्हतं. मग तोही बंद केला. नाव गेलं.

यादीत खालच्या ओळीत जामची समीक्षा होती. बटण दाबून अकरा मिनिटं. त्यानं फोन लावला.

"समीक्षाताई, कुठं आहा?"

"चहा पिऊन राह्यली! काऊन, काय झालं?"

"काई नाई," तो म्हणाला. "प्या, प्या."