दुसरी अँटेना

"फिर तार लगा रहे हैं ये लोग," लिफ्टमधून उतरताना एक बाई दुसरीला म्हणाली. "जासूस होंगे." दोघी हसल्या. मी तारेची गुंडाळी पाठीमागे धरली आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले.

तार बाबांसाठी होती. ते परवाना असलेले हौशी रेडिओवाले. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा रोज सकाळी ते पुण्या-सांगलीच्या मित्रांशी बोलायचे. निवृत्तीनंतर आम्ही गुडगावच्या या टॉवरमध्ये आलो आणि मित्रांच्या आवाजावर एक कर्कश घरघर येऊन बसली. तिचा उगम शोधायची रीत सोपी आहे. छोटा रेडिओ घेऊन दारोदार फिरायचं, घरघर वाढेल तिथे बेल वाजवायची आणि 'तेवढं बंद कराल का' असं विचारायचं. बाबा फिरले. घरघर सगळ्यात मोठी होती ती आमच्या शेजारच्या दाराशी.

तिथे पानिपतच्या आंटी राहायच्या. फुप्फुसं निकामी होत आलेली, नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. वीज गेली तरी ते चालावं म्हणून मुलाने ते यूपीएसवर लावलं होतं. घरघर त्या यूपीएसची.

"मेरी वजह से आपका रेडियो रोता है, भाईसाब?" आंटी म्हणाल्या. "बंद कर दूँ? सबको आराम हो जाएगा."

बाबा कसनुसं हसले. घरी येऊन म्हणाले, "ते काही बंद करा म्हणता येणार नाही."

म्हणून दुसरी अँटेना. गच्चीवरच्या लांब तारेत मित्रांचे आवाज आणि घरघर दोन्ही येत. बाल्कनीत, आंटींच्या भिंतीला लागून, मी एक आखूड तार लावली. तिच्यात जवळजवळ फक्त घरघर. दोन्ही तारा एका डब्यात आणायच्या, आखूड तारेतली घरघर लांब तारेतल्या घरघरीइतकी करायची आणि उलटी करून तिच्यात मिसळायची. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, माणसाचा आवाज उरतो. बाबांची बोटं थरथरतात, म्हणून डब्याचे नॉब माझ्याकडे आले. मला ते काम आवडायचं. त्यात बोलावं लागत नसे. आधी आखूड तार एकटी ऐकायची, मग जुळवाजुळव. म्हणजे रोज सकाळी मी सगळ्यात आधी भिंतीपलीकडचा तो यूपीएस ऐकायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी आखूड तारेत काहीच आलं नाही. प्लग हलवून पाहिला. तार तुटली असेल म्हणून लांब तार लावली, तर सांगलीचे काका आमच्याच खोलीत बसून बोलत असल्यासारखे.

"वा! आज काय स्वच्छ आहे गं!" बाबा म्हणाले. "ठेव तो डबा बाजूला."

"बाबा, लाइट आहेत ना?"

"आहेत की."

"मग त्यांचा यूपीएस का बंद आहे?"

बाबांनी हेडफोन काढला.

आम्ही बेल वाजवली, दार बडवलं. मुलगा पहाटेच कंपनीच्या बसने मानेसरला गेलेला, आणि प्लांटमध्ये मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. फोन वाजत राहिला. किल्ली त्याच्याकडे आणि दुपारी येणाऱ्या बाईकडे. गार्ड आला, पण सेक्रेटरीसाहेबांना विचारल्याशिवाय कुलूप तोडायला तयार होईना.

"सो रही होंगी, अंकल. आपको कैसे पता अंदर कुछ हुआ है?"

"देखिए, ऐसा है, दो एंटेना होते हैं..." बाबांनी सुरुवात केली. गार्ड त्यांच्याकडे ज्या नजरेने बघू लागला ती मी ओळखते. म्हातारा बिघडलाय, अशी.

आंटी वाचल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा श्वास होता, हॉस्पिटलात काही दिवस टिकला, मग थांबला. मुलाला तेवढे दिवस मिळाले. तो फ्लॅट आता रिकामा आहे. बाबांना सांगली लख्ख ऐकू येते, तरी ते रेडिओ फारसा लावत नाहीत.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी बाबा अजून अँटेना समजावत होते आणि गार्ड सेक्रेटरींना फोन लावत होता. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. माझा आवाज पूर्ण मजल्यावर ऐकू गेला असेल.

"भैया, मैं रोज़ सुबह उनकी मशीन सुनती हूँ. आज वो बंद है. फोन रखो और ताला तोड़ो."