बीमवाल्या हिरामणची काळी गाडी

मला माझ्या सासऱ्यांची भीती वाटायला लागली ती लग्नानंतर नऊ वर्षांनी. त्याआधी त्यांना कोणी भ्यायचं नाही, माशीसुद्धा नाही. अख्खं राहनाळ गाव त्यांना 'बैलगाडी' म्हणायचं, तेही तोंडावर, आणि बाबा, म्हणजे सासरे, हसायचे.

माझे सासरे हिरामण यांनी बावीस वर्षं बीमचा टेम्पो चालवला. बीम म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, चढवायचा, सुताने गच्च भरलेला लांबलचक लोखंडी रूळ. कारखान्यातून भरलेले बीम उचलायचे आणि धामणकर नाक्याच्या गल्ल्यांतल्या लूमवर पोचवायचे, हे त्यांचं काम. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की मागचे बीम सुटतात आणि केबिनचा पत्रा फोडून ड्रायव्हरच्या पाठीत येतात. बाबांच्या डोळ्यांदेखत एक माणूस असा गेला होता. त्यामुळे त्यांचा पाय घडलाच तसा. लांबूनच वेग कमी करायचा, ब्रेकवर पाय अलगद ठेवायचा, कोंबडी आडवी आली तरी थांबायचं. मागचे गाडीवाले हॉर्न मारून दमायचे, आईबहिणीवर यायचे. बाबा खिडकीतून हात काढून त्यांना 'जा बाबा पुढे' म्हणून खुणावायचे. लग्नात माझा संसार माहेराहून, खारबावहून, त्यांच्याच टेम्पोतून आला, आणि काचेचा एक ग्लाससुद्धा फुटला नाही. माझी आई अजून ते कौतुक सांगते.

मग आमची जमीन गोदामाला गेली, हातात पैसा आला, टेम्पो विकला आणि गेल्या वर्षी दसऱ्याला दारात काळी गाडी उभी राहिली. उंच, रुंद, आणि अशी ताकदवान की पायाचा अंगठा टेकवला तरी पाठ सीटला चिकटते. आक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. माझा नवरा प्रितेश म्हणाला, "पप्पा, आता तरी बैलगाडी सोडा." सगळे हसले. मीसुद्धा हसले. कर्माची गोष्ट.

पहिले पंधरा दिवस बाबांनी ती गाडी टेम्पोसारखीच चालवली. सकाळी माझ्या मुलीला, पूर्वीला, शाळेत सोडायचं आणि मला नाक्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, जिथे मी पेशंटांना नंबराच्या चिठ्ठ्या देते. एक दिवस पुढे एक मोठा ट्रक होता. बाबांनी सवयीने हळूच एक हॉर्न दिला आणि ट्रक चक्क बाजूला झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांना कोणी बाजू दिली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला भरून आलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन हॉर्न दिले. आठवड्याने हॉर्नवरचा हात उचलेनासे झाले. दिवाळी झाली तोवर दिवसाढवळ्या हेडलाइट मारून पुढच्याच्या बुडाला गाडी चिकटवायला लागले. उलट्या बाजूने घुसायचे. खड्डा आला तरी वेग तोच, कारण खड्डा आता लागतच नव्हता. ज्या माणसाच्या तोंडून मी कधी 'मूर्ख' ऐकलं नव्हतं, तो माणूस रिक्षावाल्याला सांगत होता, "ए, बाजू हो! दिसत न्हाय का कोन आलाय?" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाबांची बावीस वर्षांची खोड चार महिन्यांत गेली, आणि ती बिचारी चांगली खोड होती.

मी रोज जीव मुठीत धरून बसायचे. पूर्वी मागे दोन सीटच्या मधोमध उभी राहून मान पुढे काढायची. "बस खाली," मी ओरडायचे. ती ऐकायची नाही, आणि बाबा म्हणायचे, "ऱ्हाव दे गो, बगू दे पोरीला." 

मी तोंडाची फटकळ आहे. पेशंट काय, डॉक्टर काय, कोणाची भीड धरत नाही. पण सासऱ्याला गाडी हळू चालवा म्हणायचं? आमच्याकडे सून असं बोलत नाही. प्रितेशला सांगितलं तर तो म्हणाला, "बावीस वर्षांत एक ओरखडा नाही त्यांचा. तू त्यांना शिकवणार?" आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आयुष्यभर दबून ऱ्हायला गो तो. जरा मिरवू दे." त्यांचंही खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. रोज सकाळी पूर्वीची वेणी घालताना मनात यायचं, आज काहीतरी होणार. आणि तरी तिचा हात धरून मीच तिला त्या गाडीत बसवायचे. याची लाज मला आजही वाटते.

ते जानेवारीत झालं. पुढे बीमचाच एक टेम्पो चालला होता, सावकाश. बीम मागच्या फळीबाहेर आलेले, टोकांना लाल फडकी बांधलेली. बाबांनी हॉर्न धरला, लाइट मारले, आणि त्याच्या इतके जवळ गेले की फडक्याची गाठ मला स्पष्ट दिसली. मी "बाबा," एवढंच म्हणाले. टेम्पोपुढे एक रिक्षा आडवी आली. टेम्पो हळूहळू थांबू लागला.

मी बाबांच्या पायाकडे पाहिलं. त्या पायाने ब्रेक दाबायला हवा होता, सगळं अंग घालून. पण त्यांनी पाय अलगद ठेवला. अंड्यावर ठेवावा तसा. वेग नव्या गाडीचा आणि पाय बीमवाल्याचा, जणू अजून त्यांच्या पाठीशी दहा बीम होते.

गाडीचं तोंड टेम्पोच्या शेपटाखाली घुसलं आणि वरचा बीम काच फोडून आत आला. सगळं थांबलं तेव्हा ते लोखंडी टोक माझ्या आणि बाबांच्या मधे होतं, लाल फडक्यासकट. त्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, पूर्वीचं कपाळ. तिच्या केसांत काचा होत्या. रक्त कुठेच नव्हतं. मी तिचं सगळं अंग चाचपलं, पुन्हा पुन्हा चाचपलं. माझ्या तोंडातून आवाज येत होता, पण तो माझा वाटत नव्हता. पूर्वी रडली नाही. म्हणाली, "आजोबा, आपण जिंकलो?"

टेम्पोवाला उतरून आला. तो राघो निघाला, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. "हिरामण, तू? आरं, पोरगी बरी हाय ना?" बाबा त्याच्यावर खेकसले, "मधीच कशाला थांबवलास टेम्पो?" राघो मान खाली घालून आपले बीम बघायला गेला. बाबांचं ते ओरडणं मला बीमपेक्षा जास्त लागलं. मी पूर्वीला उचललं, रस्त्यावर उतरले आणि चार लोकांसमोर म्हणाले, "बाबा, माझी पोर या गाडीत परत बसणार नाही. तुम्ही चालवत असाल तर नाही." मग शेअर रिक्षाने घरी आले.

घरात व्हायचं ते झालं. आक्का आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. रस्त्यावर सासऱ्याचा पाणउतारा केला, हे त्यांना काचेपेक्षा मोठं वाटलं. बाबांनी मात्र काच बसून गाडी आली त्या दिवशी चावी माझ्यापुढे धरली. "तू चालव. मी बाजूला बसेन." मला गाडी येते, माझ्या भावाने, धनेशने, खारबावला शिकवली होती. मला वाटलं, देव पावला.

मी पंधरा दिवस अशी चालवली की पूर्वी कंटाळून झोपायची. बाबा शेजारी हात मांडीवर ठेवून बसायचे. लग्नाआधी मी स्कूटी चालवायचे. ट्रकवाल्यांनी मला किती वेळा गटाराकडे ढकललं असेल, त्याला गणती नाही. आता तेच ट्रक माझ्या एका हॉर्नवर सरकत होते. छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार छान वाटत होतं.

परवा धामणकर नाक्यावर एक बाई पोरीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मला दिसत होती, चांगली लांबून दिसत होती. पूर्वीला शाळेत सोडलं होतं, दवाखान्याला उशीर झाला होता. मी वेग कमी केला नाही. हॉर्न धरला. बाईने पोरीला दंडाला धरून मागे ओढलं, पोरगी पडली, दप्तर चिखलात गेलं. आणि मी, पूर्वीची आई, खिडकीतून ओरडले, "दिसत नाही का गं तुला?"

गाडी पुढे गेली. आरशात ती बाई पोरीचे गुडघे चाचपत होती, पुन्हा पुन्हा.

बाजूला बाबा बसले होते. चेहरा पांढराफटक.  ते म्हणाले, "रुचिका, मना भ्याव वाटतंय गो तुझा."

मी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते, बाबांनी एकेक बोट सोडवलं. मग मी उतरले आणि मागे, त्या बाईकडे पळत सुटले.