आपत्तीचा प्रकार : अन्य

सांगते, पण एक अट आहे. हसायचं ते शेवटी. मध्येच कोणी फिसकन् हसलं तर मी कप घेऊन उठेन. कारण त्या दिवशी मला हसू नव्हतं आलं, दरदरून घाम फुटला होता. एका भल्या माणसाची दहा वर्षं माझ्या हातून बुडता बुडता राहिली. आणि बुडायला तिथे पाणीसुद्धा नव्हतं!

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. कार्यालयं मिळेल त्या इमारतीत बसली होती. आमचं खातं एका जुन्या वसतिगृहात होतं. खात्याचं नाव नाही सांगत, तिथे मला अजून ओळखतात. साहेबांच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी बांधायचे खिळे तसेच होते. मी अकोल्याची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून सहा महिन्यांच्या कंत्राटावर लागलेली. हिंदी आपल्याला येते, असा माझा समज होता. आमच्याकडे सगळ्यांचाच असतो. सिनेमा कळतो ना, मग झालं तर!

राहायला ब्राह्मणपाऱ्यात, वानखेडेकाकांच्या वरच्या खोलीत. काका आमच्याच कार्यालयात बाबू. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून आले आणि इथलेच झाले. काका कसे, तर कार्यालयाच्या पेनाने घरचा किराणा लिहिणार नाहीत असे.

आता काकांची अडचण आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा पराक्रम किती मोठा ते कळेल. खात्याची ज्येष्ठता यादी निघाली होती. कोण आधी लागला, कोण नंतर, त्यावरून बढती. काकांची पहिली दहा वर्षं त्या यादीत मोजलीच नव्हती. काल आलेली पोरं वर आणि काका तळाला. वर्षभरात ते निवृत्त होणार होते. यादी दुरुस्त झाली तर अधीक्षक म्हणून, नाहीतर बाबू लागले तसे बाबूच. आणि दुरुस्तीसाठी अर्ज करायची मुदत होती शुक्रवार, संध्याकाळी पाच.

हे सगळं मला माहीत होतं? छे! काका घरी कार्यालयातलं एक अक्षर बोलत नसत.

साहेबांनी मला बोलावलं आणि एक चिठ्ठी दिली. 'दावा-आपत्ति प्रपत्र. आपत्ति का प्रकार, स्थान, तारीख, विवरण, प्रमाण.' म्हणाले, "सोमवार तक कम्प्यूटर पे चढ़ा दो. अब कागज नहीं चलेगा."

आमच्याकडे एक तयार प्रणाली होती. तिच्यात नवा फॉर्म करायचा म्हणजे मुळापासून काही लिहायचं नसे. खाने तयार असत. कोणता खाना घ्यायचा, त्यावर नाव काय टाकायचं, यादीतून निवडायला पर्याय कोणते द्यायचे, आणि कोणता खाना भरल्याशिवाय माणसाला पुढे सोडायचं नाही, एवढं आपण ठरवायचं. त्या सक्तीच्या खान्यापुढे लाल चांदणी येते. मला ती लाल चांदणी फार आवडायची. हातात दंडुका आल्यासारखं वाटायचं हो!

मी चिठ्ठी वाचली. दावा. आपत्ती. आपत्तीचा प्रकार, ठिकाण, तारीख, पुरावा. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

मीही तेच समजले. नुकसानभरपाई!

मग काय, बसले बाह्या सरसावून. आपत्तीचा प्रकार : बाढ़, आग, बिजली गिरना, सर्पदंश, मकान गिरना, अन्य. 'अन्य' निवडलं तर बाजूला स्वतः लिहायचं, सक्तीचं. साहेबांनी सांगितलं नव्हतं तरी माझ्या पदरचे तीन खाने घातले : मनुष्य हानि, पशु हानि, मकान हानि. तिन्हींची बेरीज शून्य आली तर फॉर्म स्वीकारायचाच नाही. हानीच नाही तर आपत्ती कसली? शुक्रवारी पाचच्या ठोक्याला फॉर्म आपोआप बंद. चालू फॉर्ममध्ये कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून त्याला साहेबांच्या पासवर्डचं कुलूप. आणि सगळ्यात वर तुरा : एका ठिकाणाहून दहाच्या वर आपत्त्या आल्या की मदतकार्यवाल्या राहत शाखेला आपोआप ईमेल!

हुशार पोरगी होते मी. अति हुशार.

तर मंडळी, हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकत. आक्षेप. यादीवर कोणाला आक्षेप असेल तर तो 'दावा-आपत्ति'त टाकायचा. तुम्हाला हे आत्ता कळलं. मला कळलं शुक्रवारी दुपारी चार वाजता.

सोमवारी साहेबांना फॉर्म दाखवला तेव्हा कोणाच्या लक्षात येऊ नये? साहेबांनी मथळा वाचला, लाल चांदण्या बघितल्या आणि म्हणाले, "बढ़िया!" पर्यायांची यादी उघडून बघायला त्यांना वेळ कुठे होता.

शुक्रवारी सकाळी काका जिन्याखाली चपला घालत होते. मला म्हणाले, "पोरी, आज माही आपत्ति तुह्या मशीनमंदी टाकतो बरं."

मी जिन्यावरच थांबले. म्हटलं, "काका! कधी झालं?"

"झालं त लई दिवसांचं. बोलून काय होते?"

मी आत जाऊन काकूंचा हात हातात घेतला. "काकू, धीर सोडू नका." काकू कणीक मळत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कणकेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हव."

दुपारी पहिला फोन आला. भनपुरीच्या आमच्या गोदामातून, एक बाई.

"मैडम, ये पशु हानि में क्या डालें?"

"जितने मरे उतने डालिए."

"मरा तो कोई नहीं."

"तो फिर आपत्ति कैसी?"

"आपत्ति तो है ना मैडम! वर्मा मेरे ऊपर बैठा है!"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "ऊपर? कब से?"

"जब से लिस्ट बनी तब से. मेरे से छे साल छोटा है, और सीधा ऊपर!"

मला वाटलं घर पडलंय, बाई खाली अडकली आहे आणि भीतीने काहीबाही बोलते आहे. मी ओरडले, "उसको नीचे उतारिए पहले!"

"वही तो बोल रही हूँ मैडम! कोई उतार ही नहीं रहा!"

शेवटी मी म्हटलं, मकान हानि एक टाका आणि धीर धरा. तिने टाकलं. कॉम्प्युटर मागतो आहे म्हटल्यावर द्यायलाच हवं, असा तो काळ. तिचं ऐकून भनपुरीच्या बाकीच्यांनीही एकेक घर पाडलं.

चारला काका माझ्या टेबलापाशी आले. हातात ज्येष्ठता यादी, चेहरा उतरलेला. इतका शांत माणूस, पण यादी टेबलावर आपटली.

"वैशाली, हे काय करून ठेवलं वं? मी तासभर झाला बसून राहिलो. मशीन मले इचारते, पूर आला का साप चावला!"

"मग काय झालं होतं काका? नेमकं सांगा ना."

"काहून, काय होईन? यादीत माही दहा वर्षं खाल्ली! त्याच्यावर आपत्ति आहे माही!"

"आपत्ती म्हणजे...?"

"आपत्ति म्हंजे आपत्ति! ऑब्जेक्शन! हरकत!"

खोटं नाही सांगत, खुर्चीचा हात धरला मी. भनपुरीचा वर्मा डोळ्यांसमोर आला, बाईंच्या डोक्यावर मांडी घालून बसलेला.

पळतच साहेबांच्या खोलीकडे. साहेब मंत्रालयात बैठकीला. फोन बंद. पासवर्ड? साहेबांच्या डोक्यात. कुलूप कोणी लावलेलं? मी. पाचला बंद करायची अक्कल कोणाची? माझीच. कागदावर अर्ज घ्या म्हणून आवक-जावकच्या बाबूला हात जोडले, तर तो म्हणाला, "आदेश है मैडम, कागज नहीं चलेगा."

परत आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. काका तसेच बसलेले. म्हटलं, "काका, एकच मार्ग आहे. जसा आहे तसा भरा. खरी हरकत विवरणात लिहा. वर काहीही टाका, पूर टाका!"

"पूर आला नाही त कसा टाकू?"

"अहो काका, वीस मिनिटं राहिलीत!"

"तीस वर्षांत खोटी नोंद केली नाही म्या. आता जाता जाता करू?"

मला रडूच यायला लागलं. काका एका बोटाने टाइप करत होते. विवरणातला एकेक शब्द 'क' कुठे, 'ष' कुठे असा शोधत. सर्व्हर धापा टाकत होता. पावणेपाच झाले. विवरण झालं, तारीख झाली, पुरावा जोडला. मग हानीचा खाना आला.

"मनुष्य हानि?"

"कोणी मेलं नाही काका, पण शून्य चालत नाही. घर टाका एक."

"घर शाबूत आहे माहं." काकांनी पडद्यावरचे तिन्ही खाने पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाले, "दहा वर्षं गेली पोरी. ते कोन्या खान्यात टाकू?"

असा खाना मी केलाच नव्हता.

शेवटी त्यांनी पशु हानिच्या पुढे एक आकडा टाकला. १.

"कोण मेलं काका?"

"मी. बैलावानी राबलो ना इतकी वर्षं! हे खोटं नाही."

पाचला पाच मिनिटं कमी, आणि माझा फोन वाजला. राहत शाखा!

"मैडम, भनपुरी में क्या हो गया? ग्यारह आपत्ति आई हैं! ग्यारह मकान गिरे! नाव भेजें कि तिरपाल?"

भनपुरीत नाव, म्हणजे होडी! तिथे ट्रक सोडून दुसरं काही वाहत नाही. "कुछ नहीं हुआ सर! कुछ मत भेजिए!"

"गाड़ी में तिरपाल और चना-गुड़ चढ़ रहा है मैडम. किसके कहने से रोकें?"

इकडे काका शेवटी ठेवलेल्या 'अन्य'च्या खान्यावर येऊन अडलेले. लाल चांदणी. बाजूला स्वतः लिहायचं. घड्याळात दोन मिनिटं. "आपत्तीचा प्रकार अन्य," ते घाईघाईने म्हणाले, "इथं काय लिहू? लवकर सांग!"

तिकडे फोनवर आवाज चढला, "नाम बताइए! नाम!"

"वैशाली!" मी किंचाळले. "वैशाली! लिखिए, वैशाली!"

काका आज्ञाधारक माणूस. सक्तीचा खाना, वेळ नाही, आणि कॉम्प्युटरवाली स्वतः ओरडून सांगते आहे. टक, टक, टक. मी फोन ठेवून वळले तोवर पडद्यावर आलं होतं : 'आपकी आपत्ति दर्ज हो गई है.' आणि पुढच्याच क्षणी फॉर्म बंद. पाच!

मी भिंतीला टेकून खाली बसले. काका घाम पुसत म्हणाले, "झालं वं पोरी. गेली एकदाची." त्यांनी नेमकं काय लिहिलं ते विचारायचं भान मला कुठे होतं! गाडी तरीही भनपुरीला पोचलीच म्हणा. गोदामातल्या लोकांनी चना-गूळ खाल्ला आणि तिरपाल, म्हणजे ताडपत्र्या, परत पाठवल्या.

सोमवारी साहेबांसमोर उभी राहिले. कंत्राट गेलं असं धरूनच उभी होते. त्यांनी आधी मला झाडलं, मग 'बढ़िया' कोणी म्हटलं होतं ते त्यांना आठवलं असावं, कारण एकदम गप्प झाले. म्हणाले, पुन्हा मुदत दिली तर प्रश्न उठेल, ऊपरवाले खाने छोड़ो, जो विवरण में लिखा है वही देखेंगे. बैठक बसली. काकांचे जुने कागद निघाले. दहा वर्षं मोजली गेली.

त्या दिवशी काकूंनी पुरणपोळी केली. काका अधीक्षक होणार! मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सगळं निभावलं, आता कोणाला काही कळायचं नाही, असं म्हणत झोपले.

सकाळी कार्यालयात गेले तर फलकासमोर ही गर्दी! निकालाचा आदेश लागला होता. तयार करणाऱ्या बाबूने, कॉम्प्युटरमधून निघालं ते खोटं कसं असेल म्हणून, सगळे खाने जसेच्या तसे छापले होते. लोक मला बघून बाजूला झाले. वाट करून दिली. मी वाचलं :

'श्री वानखेडे. आपत्ति का प्रकार : अन्य (वैशाली). पशु हानि : एक. समिति ने जाँच की. आपत्ति सही पाई गई.'

खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का.

तेव्हापासून घरी, सासरी, कुठेही कोणी मला 'काय आपत्ती आहे ही बाई' म्हटलं की मी भांडत नाही. कशाच्या जोरावर भांडू? चौकशी झालेली आहे. हसा आता.