हमरापूरची आडवी चिंबोरी

गणपतीच्या कारखान्यात कितीही झाडू मारा, फळीवरून हात फिरवलात की शाडूची पूड लागणारच. आमच्या मालिकेचे किस्से तसेच. मी काही गोळा करायला गेले नाही, पदर झटकला की पडतात! जो भेटतो तो विचारतो, "काकी, ते कार्टून तुमच्याकडं कसं काय झालं?" म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकते. चौथी शिकलेय मी. खरं लिहायला तेवढी पुरते.

"आडवी चिंबोरी" ही मुलांची मालिका. चिंबोरी म्हणजे खाजणातला, खाडीकाठच्या चिखलातला खेकडा. आमची चिंबोरी अशी, की तिला सरळ चालता येत नाही आणि सरळ बोलल्याशिवाय राहवत नाही. तिला खायला टपलेला एक बगळा. बस्स. अंग शाडूचं, पाय तारेचे. मूर्ती जराशी हलवायची, फोटो काढायचा, परत जराशी हलवायची, परत फोटो. ते फोटो भरभर पळवले की चिंबोरी चालते. सगळं शूटिंग आमच्या हमरापूरच्या कारखान्यात.

डोकं मीनलचं. रोह्याची पोरगी, तिथल्या एका कंपनीत शिफ्ट करायची. नोकरी सोडून कॅमेरा घेतला, तेव्हा बापानं बजावलं, "एक वर्ष देतो. नाय चाललं तर गुपचूप परत शिफ्टला जायचं." हे तिनं मला सांगितलं त्या दिवशी मी ठरवलं, ही पोर परत शिफ्टला जाणार नाय!

*

मीनल पहिल्यांदा आली तेव्हा गणपती रवाना झालेले, कारखाना रिकामा. कारखाना दामूचा, म्हणजे माझ्या दिराचा. तिनं त्याला चिंबोरीचं चित्र दाखवलं. "काका, अशी करून द्याल?"

"देतो की," दामू म्हणाला.

आठवड्यानं आली ती दारातच थबकली. फळ्या भरून चिंबोऱ्याच चिंबोऱ्या! शेकड्यावर असतील. सगळ्या एकसारख्या, सगळ्या तिच्याकडं तोंड करून.

"काका, मला एकच हवी होती!"

दामूच उलटा चिडला. "एकीसाठी साचा कोण काढतो गो? गणपतीचा धंदा हाय आमचा, सोनाराचा नाय!"

*

कारखान्यात डोळ्यांची आखणी माझ्याकडं. रीत अशी, की सगळं रंगकाम आटोपलं की शेवटी डोळे. आणि एकदा आखलेला डोळा पुसायचा नाही. डोळा आला म्हणजे जीव आला.

मीनल म्हणाली, "काकी, चिंबोरी रागावली की डोळे पुसून रागाचे काढायचे. रडली की ते पुसून रडके."

"डोळा पुसू? मी? दुसरी कोणतरी बघ!"

"अहो, मग मालिका कशी होणार?"

मी फळीकडं बोट केलं. एकीला रागाचे डोळे दिले, एकीला रडके, एकीला लबाड, एकीला झोपाळू. चिंबोरीचं मन पालटलं की मूर्तीच पालटायची! दामू नंतर आठवडाभर छाती काढून फिरत होता. "वयनी, मी म्हटलंच होतं, जास्त असाव्यात."

कधी म्हटलं होतं, देव जाणे.

निम्म्याअधिक चिंबोऱ्या तरी उरल्याच. त्या बिनडोळ्यांच्याच गोणपाटात बांधून माळ्यावर टाकल्या.

*

बगळ्यानं मात्र घाम काढला. लग्न होऊन आले तेव्हापासून मी देवाचेच डोळे आखलेत, हात तसाच वळतो. बगळा तयार झाला. मीनलनं इकडून बघितला, तिकडून बघितला.

"काकी, हा चिंबोरी खायला निघालाय का आशीर्वाद द्यायला?"

दुसरा केला. तो त्याहून दयाळू!

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले, माझी नणंद आठवली आणि ब्रश टेकवला. मीनल मागं सरली. "हाच! काकी, हाच!"

पुढं मालिका टीव्हीवर लागली तेव्हा नणंद आमच्याकडंच आली होती. चहा पिता पिता थांबली. "वयनी, ह्या मेल्या बगळ्याला मी कुठंतरी बघितलाय गो."

मी म्हटलं, "वन्सं, भजी घ्या अजून."

*

चिंबोरीला आवाज द्यायला मुंबईहून एक बाई आली होती. मीनलच्या रोह्याच्या घरी, एका खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग. बाई चांगली होती, पण बोलली इतकी गोड, की बगळ्यानं पहिल्याच भागात गिळली असती.

मी तिथं जेवणाचा डबा घेऊन गेलेले. दाराला गोधडी पुरली नाही, म्हणून दामूच एक गुरफटून ऐन दारात उभा.

"मेल्या, वाट सोड! म्हशीसारखा काय उभा राहिलास मधेच?"

मशीन चालूच होतं. मीनलनं कपाळाला हात लावला. ती मुंबईची बाई मात्र हसत सुटली. "अहो, तुमची चिंबोरी तर ही आहे! मला कशाला बोलावलंत?"

खरंच उठली. माझ्या डब्यातलं पापलेट जेवली आणि गेली. त्या दिवसापासून चिंबोरी मी. आणि बगळा समोर आला की पहिलं वाक्य तेच, "मेल्या, वाट सोड!"

*

चॅनेलच्या साहेबांना पहिले भाग दाखवले. साहेब म्हणाले, "छान आहे. भाषा तेवढी शुद्ध करा. हे हाय-नाय मुलांना कळणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, चिंबोरी खाजणातली हाय. पुण्याची असती तर सरळ चालली असती!"

साहेब हसले नाहीत. मीनलनं माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला. "पोरांनाच विचारा ना मग! आपण दोघं कशाला भांडतो?"

रोह्याच्या एका शाळेत दोन्ही तऱ्हा दाखवायचं ठरलं. आधी शुद्ध, कुणाकडून तरी वदवून घेतलेली. वर्ग चिडीचूप. मग माझी. पोरं बाकांवर उभी! मागच्या पोरांनी तर पुढच्यांनाच "मेल्या, वाट सोड" करून ढकलायला सुरुवात केली.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या पोरीला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, पहिली चिंबोरी का नाही आवडली?"

ती म्हणाली, "तेव्हा ती आजारी होती ना?"

भाषा राहिली.

*

मालिका टीव्हीवर लागल्यावर एकदा मी रामवाडीच्या थांब्यावर एसटीत चढले. गाडी खच्चून भरलेली, आणि एक बाबा दोन पोती पायांत घेऊन ऐन वाटेत.

"मेल्या, वाट सोड!"

मागून कुठलं तरी पोरगं किंचाळलं, "आये, चिंबोरी!" अख्ख्या गाडीनं माना वळवल्या. बाबानं पोती डोक्यावर घेतली.

कंडक्टर शांतपणे तिकीट हातात देत म्हणाला, "तुम्हाला काय शिकवायचं? आडव्या व्हा आणि सरका पुढं."

*

बापानं दिलेलं वर्ष संपत आलं आणि चॅनेलनं कळवलं, मालिका थांबवतोय. कारण काय, तर काही नाही. मीनलचा बाप कंपनीत बोलूनसुद्धा आला. पोरीनं कॅमेरा पिशवीत भरून ठेवला.

मला गप्प बसणं जमत नाही. मी साहेबांना रोज भर दुपारी फोन लावायला लागले. "साहेब, मी चिंबोरी बोलते. वाट सोडा!" ते ठेवून द्यायचे. मी दुसऱ्या दिवशी परत. मीनल म्हणायची, "काकी, पुरे, कटकट म्हणतील." मी म्हणायची, "म्हणू देत! कटकट केल्याशिवाय ह्या जगात नळाला पाणी येत नाय."

मग साहेब उचलेनातच. एका रविवारी उचलला तो त्यांच्या लहान मुलीनं.

"कोण? चिंबोरी? खरीखुरी?"

"व्हय गो बाय, खरीखुरी. तुझ्या बाबानं मला टीव्हीतून हाकललीय. विचार त्याला, का म्हणून!" आणि ह्या खेपेला फोन मी ठेवला.

इकडं दामूला फळ्या रिकाम्या हव्या होत्या. "वयनी, गणपतीचं काम डोक्यावर आलंय. ह्यांना फोडा आणि माती भिजत घाला." त्यानं हातोडा मधोमध ठेवला. कारखान्यातली एकही बाई जागची हलली नाही. शेवटी त्यानंच उचलला, फळीवरची पहिली चिंबोरी पुढ्यात घेतली. नेमकी रडकी निघाली. दामू बघतोय तिच्याकडं, ती बघतेय दामूकडं!

हातोडा खाली ठेवून म्हणाला, "डोळे आखलेत गो हिचे."

मग काय! डोळे आखलेलं जायचं तर पाण्यात. भर वैशाखात टेम्पो भरला आणि धरमतरच्या खाडीवर गेलो. तारेचे पाय आधीच काढून घेतले, कोळणींच्या पायांत रुतायला नकोत. आरती झाली, खोबरं वाटलं. बार्जवरचा खलाशी वरून ओरडला, "काकी, ह्या दिवसांत कुणाचा गणपती?"

"गणपती नाय, चिंबोरी!"

त्यानं काय समजून घेतलं कुणास ठाऊक, लांबलचक भोंगा वाजवला.

मीनल पाण्यात उभी राहून रडत होती. मी म्हटलं, "रडतेस काय? ओरड!" आणि आम्ही साऱ्या जणी ओरडलो, "चिंबोरीबाय, पुढच्या वर्षी लवकर ये!"

शेवटची चिंबोरी बुडाली, मागोमाग बगळा बुडाला, आणि मीनलचा फोन वाजला.

साहेब! मुलगी आठवडाभर घरात बोलत नव्हती म्हणे. वरच्यांशी भांडून आलो, म्हणाले, पुढचे भाग करायचे. लगेच सुरू करा.

मीनलनं फोनवर हात दाबला. तोंड पांढरंफटक. "काकी, सगळं बुडवलं की आपण! बगळासुद्धा!"

"बगळ्याची काळजी करू नको. नणंद ठणठणीत हाय."

"आणि चिंबोरी?"

फोनमधून साहेब ओरडत होते, "हॅलो? मूर्ती नीट ठेवल्यात ना?"

मी गुडघाभर पाण्यातून पुढं झाले आणि फोन काढून घेतला.

"ठेवल्यात ना साहेब, माळ्यावर. गाढ झोपल्यात. डोळे तेवढे उघडायचे हायत."