ओट्यांची मापं

फोन वाजला तेव्हा गिरणी चालू होती, त्यामुळे मला ऐकूच आला नाही. एकीची ज्वारी दळून झाली, पट्टा थांबला, तेव्हा पाहिलं तर ज्योतीचे चार फोन येऊन गेलेले. ज्योती म्हणजे शेजारच्या प्रमिलाताईंची मुलगी, परतूरला असते. मी फोन लावला तर म्हणाली, "मावशी, आई सकाळपासून फोन उचलून न्हाई राह्यली. जरा जाऊन बघता का?" माझी गिरणी आणि ताईंचं घर यांच्यात एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडे बघून यायला परतूरहून सांगावं लागलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई शिलाई मशीनसमोरच्या खुर्चीत बसलेल्या, मान एका बाजूला, चष्मा मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, दोन-तीन तास झाले असतील. मी ज्योतीला फोन केला, चादर आणली, गिरणीचं शटर ओढलं. करायचं ते सगळं केलं. आमच्यात धड बोलणं होऊन सात महिने झाले होते, हे मात्र त्या गडबडीत कुणाला सांगायची वेळ आली नाही.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला, मशीनवर ज्योतीला वाढवलं, तिचं लग्न करून दिलं. आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक बायकांची मापं त्यांच्या वहीत होती आणि कुणाचं माप कधी वाढलं ते कुणापुढे बोलायच्या नाहीत. गळ्यातला टेप काढायचा विसरून एकदा लग्नाला गेल्या होत्या. मी सांगितलं तर म्हणाल्या, "राहू दे, मंगळसूत्र समजतील." मला एकदा ब्लाउज घट्ट झाला तेव्हा खालचा ओठ दाबून म्हणाल्या, "तू जाड न्हाई झालीस मंगल, मागच्या खेपेला टेप आखडला आसंल." संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसत. गिरणीचा ओटा लांबलचक, दळणाचे डबे आणि थांबलेल्या बायका दोन्ही मावतील असा. चार-पाच जणी रोज असायच्याच. भाज्या निवडून व्हायच्या, सुनांची चौकशी व्हायची. टोकाच्या खांबाला टेकून बसायची जागा ताईंची.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. चालायचं कुठे, हा प्रश्न होता. आमचा रस्ता बसस्टँडकडे जातो. कडेला नाली, तिच्यावरचे ढापे फुटलेले आणि जिथे फुटलेले नाहीत तिथे प्रत्येकाचा ओटा, पायऱ्या, मोटारसायकल चढवायचा उतार. म्हणजे पायी जाणाऱ्यानं डांबरावरूनच जायचं, रिक्षा आणि कापसाच्या टेम्पोंच्या मधून. ताई दोनदा नालीत पडता पडता वाचल्या. ज्योतीकडे जायचं तर स्टँडपर्यंत कुणाच्या तरी गाडीवर मागे बसावं लागे आणि त्याची त्यांना भारी चीड. म्हणायच्या, "लेकीकडं जायला मला दुसऱ्याची सवड बघावी लागती. माझ्या पायानं स्टँडवर जायचंय मला, बस." एवढ्यासाठी त्यांनी नगर परिषदेत फुटपाथचा अर्ज द्यायचं ठरवलं. आधी चौकशीला गेलो, मी सोबत होते. इंजिनिअर साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, तुमच्या रस्त्याला फुटपाथला जागा कुठंय?"

ताई म्हणाल्या, "जागा बराबर हाय साहेब. मोजून दाखवते."

आणि खरंच मोजली. एका रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, आम्ही दोघी टेप घेऊन निघालो. ब्लाउजचा टेप तो, पाच फुटांचा. एक टोक भिंतीपाशी धरून मी बसायची, दुसरं टोक ताई काठी सांभाळत ओढून न्यायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. घराच्या भिंतीपासून ओटा किती पुढे आला, अर्धा इंचही सोडला नाही. माझ्या गिरणीपाशी आल्यावर हसल्या. "चार फूट साडेसात इंच. तुझाच सगळ्यात मोठा गं."

मी म्हटलं, "लिहा की. खरं ते लिहा."

ही मापं त्यांनी स्वच्छ अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवली आणि अर्जाला जोडली. साहेबांना जागा दिसावी, एवढाच हेतू. सह्या घ्यायला आम्ही घरोघर गेलो तेव्हा प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, मागं अजून एक कागद हाय, वाचा. कुणी वाचला नाही. शेजारचे किराणावाले नाना तर म्हणाले, "ताई, तुमच्यावर भरोसा न्हाई का आमचा? द्या इकडं, जल्दी." आणि वजनकाट्यावर कागद ठेवून सही केली.

दीड महिन्यानं फुटपाथ आला नाही, नोटिसा आल्या. ज्यांनी सह्या केल्या त्या प्रत्येकाला, वाढीव बांधकाम काढून घ्या म्हणून, ज्याचं त्याचं माप घालून. नगर परिषदेच्या नोटिशीत साडेसात इंच असं कधी कुणी वाचलं नव्हतं. नाना कागद फडकवत माझ्या ओट्यावर आले. "तीन फूट पावणेदोन इंच! नगर परिषदवाले काय ब्लाउज शिवून राह्यले का माझ्या दुकानाला?" बायका खळखळून हसल्या... मग एकेकीच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी ताईंच्या दाराकडे पाहिलं. ताई बाहेर आलेल्याच होत्या.

"मी सगळ्यांना वाचा म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आन् हे काढल्याबिगर चालायला जागा कुठून येणार? माझ्या पायऱ्या मी आधी काढते."

"फुटपाथ मागायला आमच्याच सह्या आन् आमचेच ओटे मोजून दिले! बरी सेवा केली," नाना म्हणाले. "एकटीनंच मापं घेतली एवढी?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गिरणीत गहू ओतत होते. ओतत राहिले. डबे ठेवायला ओटा राहिला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या गिरणीवर जाईल, हे माझ्या डोक्यात होतं. हे सगळे लोक माझे गिऱ्हाईक होते, हेही होतं. टेप एकटीनं धरून रस्ताभर मोजता येत नाही, हे त्यातल्या कुणालाही सुचलं असतं, पण रागात सुचत नाही.

"एकटीनंच घेतली," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढे लोकांनी नगरसेवकाला गाठलं आणि नोटिसा तशाच पडून राहिल्या. कुणाचा ओटा गेला नाही. ताईंनी मात्र म्हटल्याप्रमाणे आपल्या पायऱ्या फोडल्या. मिस्त्रीकडून त्या दाराच्या आत बांधून घेतल्या, त्यामुळे बाहेरची खोली निम्मी झाली आणि मशीन माझ्या भिंतीला येऊन टेकलं. त्यानंतर दोन संध्याकाळी त्या ओट्यावर येऊन बसल्या. दोन्ही वेळा एकीला कुकर आठवला, दुसरीला दूध. तिसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. मी बोलवायला गेले नाही. गिरणी थांबली की भिंतीतून मशीनचा आवाज यायचा, तेवढ्यावरून त्या घरात आहेत हे समजायचं.

मग एक दिवस त्यांच्या पिशवीत पॅकेटचं पीठ दिसलं. गिरणीवालीच्या शेजारणीनं पॅकेटचं पीठ आणावं, यावर मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी विचारलं, "दळण टाकत नाही का आता?" त्या म्हणाल्या, "डबा घेऊन तुझ्या ओट्यावर चढणं होत न्हाई गं." ओटा तोच होता. गुडघा उलट आधीपेक्षा बरा झाला होता. त्याच आठवड्यात त्या काठी आणि पिशवी घेऊन परतूरला जायला एकट्या निघाल्या. डांबराच्या कडेनं चालल्या होत्या, मागे रिक्षावाला हॉर्न देत होता आणि त्या बाजूला होत नव्हत्या, कारण बाजूला व्हायला जागाच नव्हती. मी शटरपाशी उभी राहून त्या वळेपर्यंत बघितलं. येताना जावयानं गाडीवर आणून सोडलं. पुन्हा त्या गेल्या नाहीत. ज्योतीच यायची.

तेराव्याला सगळी गल्ली जेवायला होती. लोक वाईट नाहीत, सतरंज्या घालण्यापासून सगळं त्यांनीच केलं. चहा पिताना नाना म्हणाले, "बाई लई गुणाच्या होत्या. तेवढं ते मापांचं सोडलं तर..."

मी म्हटलं, "टेपचं एक टोक मी धरलं होतं, नाना."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही? मंग तवा बोलल्या न्हाईत?"

"नाही बोलले."

मग नाना म्हणाले, "जाऊ द्या आता," आणि कप पुन्हा उचलला. एवढंच झालं. ज्याला मी सात महिने घाबरले ते चहा संपायच्या आत उरकलं. ज्योती दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि ताटं उचलायला आत गेली. तिचा फोन अजून येतो, पण मला मावशी म्हणताना ती आता थोडी थांबते, असं मला वाटतं... कदाचित लाइन खराब असेल.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीला बोलावून मी ओटा फोडून घेतला, चार फूट साडेसात इंच. डबे आता आत ठेवते, गिऱ्हाईक थोडं कमी झालं, पण गिरणी चालते. अर्ज पुन्हा दिला आहे, या वेळी माझ्या नावानं. साहेब म्हणतात, बघू. संध्याकाळी बायका नानांच्या ओट्यावर बसतात. मला कुणी ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. मी शटर ओढून आत रेडिओ लावते.

ताईंच्या आणि माझ्या घरापुढे मिळून सपाट जागेचा एक तुकडा झाला आहे. मागच्या गल्लीतले एक म्हातारे काठी टेकत संध्याकाळी स्टँडकडे जातात. ते ताईंच्या दाराशी रस्ता सोडून त्या तुकड्यावर येतात आणि तेवढ्यापुरती मान वर करून, आजूबाजूला बघत, सावकाश चालतात. त्यांची एकोणीस पावलं होतात. विसाव्याला नानांचा ओटा येतो. म्हातारे थांबतात, मागून काही येतंय का ते बघतात आणि रस्त्यावर उतरतात.